येळवशीला मोजलेलं पाणी

माझी सून महेश्वरी पुण्याला पाणी शिकायला निघाली, तवा गावानं दात काढले. शेजारची मल्लम्मा तर नळदुर्गच्या स्टँडवर म्हणली, "इरम्मा, तुझ्या सुनंला पाणी प्यायला येत न्हाय व्हय गं?" म्या म्हणलं, "तुला तरी कुठं येतंय? उन्हाळाभर टँकरमागं पळतीस." माझं तोंड असंच हाय, या वयात आता काय बदलायचं!

पुण्यात महिनाभर तिला भूजल शिकवलं. जमिनीखाली पाणी कसं मुरतं, कुठं अडतं, विहिरीची पातळी कशी मोजायची, सगळं. पोरगी परत आली ती गळ्यात हा एवढा टेप अडकवून.

आमच्या गावची विहीर होळी झाली की आटायची. म्हणून नवा बोअर पाडायचं ठरलं हुतं. तळहातावर नारळ ठिवून जागा दाखवणारा बब्रुवान येऊन बी गेला. आधीचे बोअर त्यानंच दाखवल्याले, अन् सगळ्यातनं नुसता फुफाटा निघाला हुता. महेश्वरी सरपंचाला, रणधीरला, म्हणली, "आधी मोजू द्या, पाणी जातंय कुठं ते तरी कळंल." रणधीर हसला. "मोजा की वहिनी. पण सव्वीस जानेवारीच्या सभेत सांगता आलं न्हाय, तर बोअर पाडणार."

मोजायला लागली अन् घोळच झाला. एकाच विहिरीत सकाळी पाणी वर, संध्याकाळी खाली. कारण मोटरी! लाईट आली की सगळे मोटर टाकत्यात. उपसा थांबवून, पाणी वर येऊ देऊन मगच मोजायचं, असं तिला शिकवल्यालं. पण कांद्याला पाणी चालू असताना मोटर बंद कर म्हणलं, तर सख्खा भाऊ सुदिक अंगावर येतो. दारोदार फिरून पोरगी रडकुंडीला आली. मला बघवंना.

म्या चिडूनच म्हणलं, "अगं, येळवस आली. निदान त्या दिवशी तरी तो टेप खाली ठिव. येळवशीला कुणी मोटरीला बी हात लावत न्हाय!" तिनं माझ्याकडं बघितलं अन् एकदम गळ्यातच पडली. "आत्या, त्याच दिवशी मोजायचं!"

येळवस म्हणजे आमचा रानातला सण. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. सगळं गाव शेतात, अन् आदल्या दिवसापासनं मोटरी गप. महेश्वरी विहीर न् विहीर फिरली. पण आंबील पाजल्याबिगर कोण सोडतंय? दिवस मावळता घरी आली ती पोट धरून.

सभेत उभी राहिली तवा तिचा आवाज खणखणीत. "नाल्यावरचा बंधारा भरल्याला हाय. मग त्याच्या बगलच्या विहिरींत जास्त पाणी पायजे. पण लांबच्या विहिरींत बी तेवढंच हाय. म्हणजे बंधाऱ्याचं पाणी मुरतच न्हाय, तळाला गाळ बसलाय. गावची विहीर बंधाऱ्याच्या खालीच हाय. बोअर नको, गाळ काढा."

"अन् तरी विहीर आटली तर?" रणधीरनं विचारलं.

"तर हा टेप तुमच्या हातात देईन. परत कधी मोजणार न्हाय."

म्या मागनं वरडले, "अन् न्हाय आटली तर?" सगळे हसले, रणधीर बी हसला, अन् एकेक हात वर झाला.

उन्हाळ्यात लोकांनी ट्रॉल्या भरभरून गाळ रानात नेला. पाऊस झाला, बंधारा भरला, अन् भरल्यालं पाणी हळूहळू उतरायला लागलं. लोक घाबरले. महेश्वरी म्हणली, "उतरू द्या, तेच पायजे."

पुढची होळी गेली. पाडवा गेला. पोरीला जेवण गोड लागंना, सारखी विहिरीवर. पाणी हुतं! वैशाख आला तरी पोहऱ्याचा दोर पुरत हुता.

मग एक दिवस पुढच्या गावाला निघाल्याला टँकर पारापाशी थांबला. ड्रायव्हरनं सवयीनं हॉर्न वाजवला. एक बाई घागर घेऊन आली न्हाय. तो बिचारा उन्हातनं बाटली घेऊन विहिरीवर आला. मल्लम्मानं पोहरा वढला, बाटली भरली अन् म्हणली, "पी बाबा पोटभर, आमच्या महेश्वरीचं पाणी हाय."

आमच्या! म्या तिथंच हुते, सोडते व्हय?

"तुमची कधीपासनं झाली गं? सून माझी हाय!"