न रंगलेला ठिपका

सकाळी इनक्युबेटर उघडून मी काचेची बशी उजेडात धरली. या बशीतलं जंतूंचं खाद्य मोठं चोखंदळ. कित्येक जंतूंना ते उगवूच देत नाही. जे उगवतात, त्यांतल्या ज्यांना इथली साखर पचते ते गुलाबी होतात, बाकीचे फिके राहतात. आज गुलाबी ठिपक्यांच्या दाटीत, अगदी कडेला, एकच फिका ठिपका होता.

"हा आजारी आहे का हो, मॅडम?" नमुने घेऊन आलेल्या सिस्टरांनी विचारलं.

"छे, चांगला ठणठणीत आहे. इथली साखर तेवढी त्याला मानवत नाही."

बोलून गेले आणि बशी पुन्हा उजेडात धरली. बदली होऊन या गावात आले त्याला बरीच वर्षं झाली. सगळं सुरळीत आहे, हळदीकुंकवालाही जाते. रंग काही चढला नाही.

सिस्टर गेल्यावर तारेच्या टोकाने मी तो ठिपका अलगद उचलला. आमच्याकडे फिक्याचीच जास्त विचारपूस होते. त्याला निरनिराळ्या साखरा देऊन पाहायच्या, आणि मग उत्तराची रात्रभर वाट पाहायची.

गावात मलाही विचारतात, "रमलात ना इथे?"

आणि पुढे चालू लागतात.