भट्टीचा रंग

शशिकांत साहेबांनी गिटार उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "चिंधा, हिला खरूज झालीय का रे?"

तालमीला जमलेले सगळे हसले. चिंधाही हसला. लाल रंगाचे पापुद्रे सुटले होते, हे खरंच होतं. वापीच्या एका बँडवाल्यानं बँड मोडला तेव्हा चिंधानं ती घेतली, तेव्हाही ती अशीच होती. पण खोलीत बसून वाजवताना कोण बघतंय? आता मात्र सिल्वासातल्या त्यांच्या कारखान्याच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा व्हायचा होता, आणि तो बसवत होते ऑफिसातले, पुण्याचे शशिकांत साहेब.

"स्टेजवर अशी नको आणूस. रंगव. नाही जमलं तर राहू दे, सौरभच्या कीबोर्डात गिटारचा आवाज आहेच."

साहेब हे सहज बोलून गेले. चिंधाला ते पार घरापर्यंत पुरलं. शिरपूर सोडून इथं आल्यापासून तो लोखंडी कपाटांवर रंगाचे फवारे मारत होता. नखांत राखाडी, थुंकीत राखाडी. कारखान्यात त्याला ओळखायचे ते 'रंगवाला' म्हणून. एक संध्याकाळ तरी लोकांनी आपल्याला गिटार घेऊन बसलेलं बघावं, एवढीच त्याची हाव होती. आणि त्या हावेच्या आड एक कीबोर्ड येऊन उभा होता.

पाळी संपली की तो ओट्यावर बसायचा. तारा काढल्या, खुंट्या काढल्या, गिटार विजेवरची म्हणून आतल्या वायरींना खुणेला चिकटपट्टीचे तुकडे लावून ठेवले. मग रंग उतरवायचं औषध फासलं. रंग फोड आल्यासारखा फुगला. पत्र्याच्या पट्टीनं खरवडला तर खाली काळा निघाला, काळ्याखाली पांढरा. बोटं चरचरत होती. पॉलिश पेपर घासता घासता त्याला बसल्याजागी डुलकी लागायची.

"भाकरीला वास लागतोय त्या औषधाचा," त्याची बायको रजनी आतून म्हणाली.

"दोन दिवस सोस."

"हे तुम्ही परवाही म्हणाला होतात."

शेवटी लाकूड उघडं पडलं. आता रंग. सुपरवायझरला विचारून त्यानं डब्याच्या तळाचा उरलेला राखाडी रंग आणला, पातळ केला, आणि डास मारायच्या पंपात भरून फवारला. हात सराईत होता. कुठं ओघळ नाही, कुठं डाग नाही.

शेजारच्या खोलीतला लखन दातांत काडी घालून बघत होता. "चिंधाभो, छान झालं. आता कुलूप कुठं लावणार?"

"का?"

"कपाट आहे ना?"

चिंधाला हसायचंही त्राण नव्हतं. त्यानं गिटार दोरीला टांगली आणि आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी रंग ओला होता. तिसऱ्या दिवशीही. रजनीनं बोट लावलं तर बोट चिकटलं. उन्हात ठेवली, तर वर धूळ बसली आणि एक माशी अडकून मेली. कार्यक्रम उद्यावर आला, तेव्हा चिंधा जेवणाच्या सुट्टीत भट्टीवरच्या गजाननकडे गेला.

गजाननानं डबा कुठला ते विचारलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, हा भट्टीचा रंग. तापल्याशिवाय वाळतच नाही."

"उन्हानं?"

"ऊन म्हणजे भट्टी आहे का? एवढी वर्षं रंग मारतोस आणि तुला हे ठाऊक नाही?"

ठाऊक कसं असणार? ओलं कपाट साखळीला लटकून भिंतीपलीकडच्या भट्टीत जायचं, की चिंधाचं काम संपलं. भट्टी नुसती घाईसाठी असते, असंच तो धरून चालला होता.

"मग घाल की भट्टीत," गजानन म्हणाला.

"लाकूड आहे."

"मग नको घालूस."

घरी येऊन चिंधानं थिनरमध्ये चिंधी बुडवली आणि स्वतःच मारलेला रंग पुसायला लागला. रंग मुकाट निघून आला. भांडला असता तर बरं वाटलं असतं. फटींत तेवढी राखाडी राहिली. पुन्हा फवारायला दुसरा रंग नव्हता, वेळ नव्हता, आणि हातांत जोर तर नव्हताच. त्यानं तशाच उघड्या लाकडावर तारा चढवल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडपात शशिकांत साहेब गिटारकडे बघतच राहिले. "हे काय, सोललेला बटाटा?"

"रंग वाळला नाही साहेब. काढून टाकला."

"मग आता?"

"वाजते."

साहेबांनी सौरभच्या कीबोर्डाकडे पाहिलं, मग चिंधाच्या सोललेल्या बोटांकडे. "मागं बसशील? ड्रमच्या आड?"

चिंधानं मंडपाकडे पाहिलं. समोर खुर्च्या भरत होत्या. बायकांच्या रांगेत रजनी मान उंच करून बघत होती.

"बसतो," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं गिटार भिंतीला टेकवली आणि चपला न काढताच उंबऱ्यावर बसला. उद्या सकाळची पाळी होती.

"मला दिसलाच नाहीत तुम्ही," रजनी म्हणाली.

"मागं होतो."

"वाजवलंत ना?"

"वाजवलं."

"मग जेवा," ती म्हणाली आणि ताट वाढायला आत गेली.