उशाला ठेवलेलं लोखंड

माझी पोस्टिंग शिडाच्या बोटीवर झाली, तेव्हा पारोळ्याकडच्या आमच्या गावाने मला वेड्यात काढलं. नेव्ही म्हणजे तोफांची मोठी जहाजं, एवढं त्यांना माहीत होतं. माझे काका म्हणाले, "आते सरकारकडे डिझेल बी नही शे का?" आता त्यांना काय सांगणार, कप्पाळ!

ती ट्रेनिंगची बोट होती. नव्या कॅडेट्सना समुद्र अंगावर घेऊन शिकवायचं, म्हणून नेव्ही अशा बोटी ठेवते. मी चीफ, इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. बोट कुठे आहे ते जीपीएस सांगायचा. बोटीचं तोंड कुठे आहे ते इलेक्ट्रॉनिक कंपास सांगायचा, आणि त्याचं ऐकून ऑटोपायलट सुकाणू धरायचा. पाणी किती खोल आहे ते एको साउंडर दाखवायचा. हे सगळं सामान म्हातारं झालं होतं. खाऱ्या हवेने तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या होत्या. आज हे दुरुस्त केलं की उद्या ते रुसायचं.

आमच्यात आणखी एक खान्देशी होता. पेटी ऑफिसर मधुकर, जामनेरकडचा, घरी केळीची बाग. शिडं आणि दोर हे त्याचं काम. मी त्याला केळ्या म्हणायचो. तो मला वायरमन म्हणायचा, आणि ते मला मुळीच आवडायचं नाही. बाकीची पोरं आमचं बोलणं ऐकून हसायची, कारण माझी अहिराणी त्याला पुरती कळत नसे आणि त्याची बोली मला. भांडायला मात्र तेवढी पुरायची.

शेवटच्या फेरीत कॅडेट नव्हते. बोट गोव्याहून मुंबईला रिफिटसाठी, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी, न्यायची होती. स्किपर साहेब धरून आम्ही सहा जण. मधुकर रजेवरून थेट गोव्यात जॉइन झाला होता. मुंबईला पोचलं की सगळी इलेक्ट्रॉनिक्स बदलणार होती. मी मनात म्हणत होतो, एवढी फेरी निभाव रे बाबा.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवा कोंदली. किनारा उजव्या हाताला होता, पण दिसेना. समुद्रसुद्धा नीट दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. वारा पश्चिमेकडून वाढत होता. मला ते आवडलं नाही.

जीपीएसचा स्क्रीन विझला. परत लागला. परत विझला.

"चीफ, जीपीएस?"

"डाउन, सर. बघतो."

मी पॅनल उघडलं, मीटर लावला. बॅटरीपाशी व्होल्टेज बरोबर, जीपीएसपाशी कमी. ऑटोपायलटची मोटर फिरली की आणखी कमी. म्हणजे मध्ये कुठेतरी जोड सडलेला. हात घालून चाचपत गेलो आणि तो सापडला. कनेक्टर बोटाने दाबला तर हिरवी पूड झाली. तार कापली, सोलली, नवा जोड दिला. बोट इतकी हिंदकळत होती की दोनदा डोकं आपटलं. शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

यात दोन तास गेले, तेव्हा कुठे जीपीएसला फिक्स मिळाला, बोट नेमकी कुठे आहे ते कळलं. साहेबांनी ती जागा चार्टवर मांडली आणि पेन्सिल तशीच धरून उभे राहिले. कंपासच्या हिशेबाने आम्ही किनाऱ्यापासून चांगले लांब होतो. जीपीएसच्या हिशेबाने आम्ही किनाऱ्याला जवळजवळ भिडलो होतो.

"दोघांपैकी खोटं कोण बोलतंय, चीफ?"

पहिला संशय मला जीपीएसचाच आला. तो आत्ताच शुद्धीवर आला होता. मग एको साउंडरकडे पाहिलं. पाणी कमी होत चाललं होतं. म्हणजे किनारा खरंच जवळ होता.

"कंपास, सर."

साहेब वर पळाले, सुकाणू हातात घेतलं. मी हातातला साधा कंपास घेऊन बोटीत फिरलो. मागे एक दिशा, चार्ट टेबलापाशी तीच दिशा. मधुकरच्या बंकपाशी आलो आणि काटा गर्रकन फिरला. त्या बंकच्या फळीखालीच इलेक्ट्रॉनिक कंपासचा सेन्सर होता. गादी उचलली. उशाकडे लाल फडक्यात काहीतरी जड बांधलेलं. सोडलं तर नांगराच्या फाळाचा तुकडा.

मधुकर दोर आवरायला खाली आला होता.

"हे काय रे?"

"मायनं देलं हाये. उशाले ठेव म्हने. काही बाधत नाही."

माझं डोकंच सटकलं. "अरे, सेन्सरपाशी लोखंड?"

"लोखंड?" तो म्हणाला, आणि त्या तुकड्याकडे बघतच राहिला.

याच बंकवर पाना ठेवला म्हणून यानेच एका कॅडेटला सगळ्यांसमोर झापलं होतं. नियम त्याला तोंडपाठ होता. पण तो फाळ त्याच्या लेखी लोखंड नव्हताच. ती आईची राखण होती. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाला विळा ठेवतात, तेव्हा त्याला तरी लोखंड कोण म्हणतं? मी स्वतः तसल्याच उशावर वाढलोय. माझा राग तिथल्या तिथे विझला.

मी फाळ चार्ट टेबलावर नेऊन ठेवला. कंपासचा आकडा आपोआप जागेवर आला. तेवढ्यात वरून साहेबांचा आवाज आला.

"ब्रेकर्स अहेड! ऑल हँड्स!"

खडकांवर फुटणाऱ्या लाटा धुक्यातून पांढऱ्या दिसत होत्या. साहेबांनी बोट वळवायला घेतली, पण पुढचं शीड उतरेना. त्याचा दोर वर अडकला होता. वारा त्या शिडात भरून बोटीला खडकांकडेच लोटत होता. इंजिन सुरू केलं, पण त्याचं काही चालेना.

मधुकर पुढे निघाला. कोणी ऑर्डर दिली नव्हती. त्याने अंगावरच्या हार्नेसचा हूक रेलिंगला अडकवला, चाकू काढला, दोर कापला. शीड खाली आलं. बोटीचं तोंड समुद्राकडे वळलं. त्याने आमच्याकडे बघून हात वर केला. मग बाजूने लाट आली. लाट ओसरली तेव्हा ते रेलिंगच तिथे नव्हतं.

"मेडे, मेडे. मॅन ओव्हरबोर्ड." रेडिओवर मी बोलत होतो. माझा आवाज मलाच परका वाटला. अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी मच्छीमारांना त्याचा देह सापडला.

चौकशीत साहेबांनी आणि मी घडलं ते सगळं सांगितलं. तो चौकशीचा कागद नेव्हीतच राहिला, त्याच्या घरी गेला नाही. जामनेरला त्याच्यासोबत मला पाठवलं, कारण मी तिकडचा.

तेरावं झाल्यावर अक्काने, म्हणजे मधुकरच्या आईने, मला ओसरीवर बसवलं.

"मी देलं ते ठेवत व्हता ना रे उशाले?"

"रोज ठेवायचा, अक्का."

तिने मान हलवली. आपल्याकडून काही कमी पडलं नाही, एवढंच तिच्यापाशी उरलं होतं. ते मी कसं काढून घेऊ?

"मंग बोट वाट कशी चुकली, भाऊ?"

"मशीन जुनं होतं, अक्का. बिघडलं."

"मशीन पाहाचं काम कोनाचं व्हतं?"

"माझं."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग तू कसा वापस आला?"

मी उठलो, तिच्या पाया पडलो आणि निघालो. तिने पाय मागे घेतले.

त्यानंतर दर वर्षी त्याच्या तिथीला मी जामनेरला गेलो. अक्का घरात घ्यायची, पण माझ्याशी बोलायची नाही. भावकीतले लोक कुजबुजायचे, हाच तो मशीनवाला. माझी बायको चिडायची, "एकदा सांगून का टाकत नाही?" सांगायचं म्हटलं की ती ओसरी समोर यायची. फार लागायचं, खोटं कशाला बोलू. पण तिला रात्री झोप लागत होती, असं मधुकरची बायको सांगायची, आणि तेवढं मला पुरत होतं.

अक्का या उन्हाळ्यात गेली. खांदा द्यायला मी पुढे झालो, कोणी अडवलं नाही. आता कोणाला दुखवायचं राहिलं नाही, म्हणून हे लिहिलं.

त्या दिवशी बोटीवरचे आम्ही पाच जण अजून आहोत. साहेबांना नातू झाला. आमच्या घरांतली ही सगळी वर्षं मधुकरने दिलेली आहेत. तो केळ्या वाट चुकला नव्हता. आम्हाला वाट मिळावी म्हणून तो पुढे गेला होता.