सहदेव रंगाऱ्याच्या अकरा फळ्या

आंबिवलीच्या सहदेवाला कल्याण स्टेशनात रंगाऱ्याची नोकरी लागली, तेव्हा गावात केवढा गाजावाजा झाला होता! सगळी चिखल तुडवणारी माणसं. त्यांच्यातला एक जण हातात ब्रश धरून महिन्याच्या महिन्याला पगार घेतो म्हणजे काय थट्टा आहे? पण सहदेवाचं दुखणं सहदेवालाच ठाऊक. खांब रंगवा, सिग्नल रंगवा, पाट्यांवरची अक्षरं गिरवा. पठ्ठ्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण रेघ केसाएवढी सरकली की साहेब अंगावर यायचा. पंधरा वर्षं गडी सरळ रेघा ओढत राहिला आणि मनातल्या मनात चरफडत राहिला.

शेवटी १८८३च्या सुमाराला त्याचा बांध फुटला. भंगारात निघालेल्या अकरा फळ्या त्यानं विकत घेतल्या, डब्यांच्या बुडाशी उरलेला रंग साहेबाला विचारून घरी आणला आणि परसात बसून मनाला येईल तसा फासला. माणूस नाही, झाड नाही, देव नाही. नुसता रंग.

बायको गोदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"फल्या चांगल्या सागाच्या हायत," ती म्हणाली. "गोठ्याची भिंत पडलीय. ठोकून टाका तिकडं."

"चित्रं हायत गो ती!"

"कसली?"

सहदेव ब्रश धुवायला निघून गेला.

त्याला वाली भेटला तो कल्याणात. भाऊ म्हणून एका छोट्या वाचनालयाचे चिटणीस होते. सुधारक माणूस, दर महिन्याला अंधश्रद्धेवर व्याख्यान द्यायचे. मुंबईत चित्रांची प्रदर्शनं भरतात, मग कल्याणानं काय घोडं मारलंय, असं त्यांना फार दिवस वाटत होतं. त्यांनी फळ्या पाहिल्या, चष्मा पुसला, परत पाहिल्या.

"सहदेव, हे काय आहे?"

"रंग हाय, भाऊसाहेब."

"ते दिसतंय रे. कशाचा?"

"डब्याचा."

भाऊंनी अर्धी घटका विचार केला आणि वाचनालयाची पुढची खोली एका रविवारापुरती देऊन टाकली. गोदानंही कबूल केलं, पण अट घातली: एका तरी माणसानं फळीकडे नीट बघून तिच्याबद्दल काही तरी बोलायचं. तसं झालं तर फळ्या सुटल्या. नाही तर पावसाळ्याच्या आत गोठा. सहदेव हो म्हणाला.

रविवारी सकाळी चार वाचक आले, वर्तमानपत्रं वाचून निघून गेले. दहाच्या सुमाराला आंबिवलीहून बैलगाडी आली. तीतून सहदेवाची आत्या आवडाबाई उतरली, मागून दहाबारा गावकरी. उंबऱ्यात पाऊल टाकलं न टाकलं तोच म्हातारीनं नाक वर करून वास घेतला.

"थांबा रं! पायतानं काढा!"

झालं होतं असं, की रेल्वेत लोखंडाला गंज चढू नये म्हणून शेंदूर आणि जवसाचं तेल कालवून लावत. सहदेवानं मधली सगळ्यांत मोठी फळी त्याच रंगानं भरली होती. आणि गावदेवी तरी काय असते? डोळे नाहीत, नाक नाही, तेला-शेंदरात माखलेला दगड. आवडाबाईनं डोईवर पदर घेतला, डोळे मिटले आणि फळीपुढं साष्टांग लोटांगण घातलं. मागोमाग उंबऱ्यावर नारळ फुटला.

"अहो, पुस्तकं भिजतील!" भाऊ ओरडले. पण ऐकतो कोण?

तासाभरात बातमी बाजारात पोचली. रांग लागली. हळद, कुंकू, फुलं, खण! माणसं यायची, हात जोडायची, डोळे घट्ट मिटायची, पुटपुटायची आणि प्रसाद घेऊन चालू लागायची. दुपारी खुद्द भाऊंनीही, कुणाचं लक्ष नाही असं बघून, पटकन नमस्कार उरकून घेतला. सहदेव रडकुंडीला आला.

"आते, डोले उघड ना! बग तरी मी काय केलंय!"

"देवाकडं डोले फाडून बगतात काय रं मेल्या?"

उन्हं उतरली तशी गावकऱ्यांनी शेंदरी फळी उचलली आणि वाजतगाजत वेशीवर बसवायला नेली. खोलीत उरल्या दहा फळ्या, खोबऱ्याचे तुकडे आणि सहदेव. शेपाचशे माणसं येऊन गेली होती, आणि बघितलं एकानंही नव्हतं. त्याला इतकं वाईट वाटलं की तो भिंतीला टेकून खालीच बसला.

गोदा गाडी घेऊन आली; वाटेत वाजतगाजत चाललेली शेंदरी फळी तिला आडवी गेली होती. "चला, गोठा," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण जीभ रेटेना. एकीत देव निघाला, उरलेल्या दहांत कोण बसलंय कुणी सांगावं? देवाला खिळा ठोकून शेणाशेजारी उभं करायचं? म्हणून ती एकेक फळी तपासू लागली. आधी वास घ्यायची, मग वरपासून खालपर्यंत डोळे फिरवायची. ही नाही. हीसुद्धा नाही. सातव्या फळीशी मात्र ती थांबली. मान वाकडी केली. दोन पावलं मागे गेली, परत पुढे आली.

"हा हिरवा इथंच का थांबवलात?"

"आं?"

"बोटभर खाली याया पायजे होता. आता नुसता लोंबकलतोय वर. डोल्यांत खुपतंय माज्या."

सहदेव उठून फळीशी आला. सात महिने त्यालाही तेच खुपत होतं आणि त्यानं ते कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं.

"रंग सरला होता गो त्या दिवशी."

"मंग दुसऱ्या दिवशी आनायचा!" गोदा फणकारली. "अर्धवट चित्र चार मान्सांत मांडलंत, लाज नाय वाटली?"

आणि आपण काय बोलून बसलो ते ध्यानात येऊन तिनं जीभ चावली.

त्या पावसाळ्यात गाय सहदेवाच्या पडवीत राहिली.