बाबली ठाकराची सोळा पानं

पिंगुळीतली पोरं मुळाक्षरं गिरवायच्या आधी बाबली ठाकराची पोथी वाचायची. पोथी चित्रांची. देवळात एकेक कागद उभा धरायचा, हुडूक वाजवायचं आणि त्या चित्रातली गोष्ट गाऊन सांगायची, हा ठाकरांचा पिढीजात धंदा. बाबलीकडे सीताहरणाची सोळा पानं होती, त्याच्या आज्याने रंगवलेली. नवरात्रात आमच्या देवळात पोथी सांगायचा मान त्याचाच. मी शाळामास्तर खरा, पण माझंही पहिलं पुस्तक तेच.

बाबली मुलखाचा भोळा. गळा मात्र देवाने दिलेला. तो गायचा आणि थोरला भाऊ लवू चित्रांची डागडुजी करायचा, नवी काढायचा. पुढे लवू मुंबईला गिरणीत लागला. चित्रांना रंगाचा हात लागेना. अठ्ठावन्न सालच्या पावसात पोथीच्या पेटीला वाळवी लागली आणि पानं कुरतडली गेली.

ठाकरांची एक रीत आहे. फाटकं चित्र घरात ठेवायचं नाही. त्यावरून नवं काढून घ्यायचं आणि मग जुनं हळदकुंकू वाहून पाण्यात सोडायचं. लवूने पत्र धाडलं, चवथीला येतो, कागद आणि रंग तयार ठेव. तेवढ्यात बाबलीची मुलगी सुगंधा तापाने फणफणली. शेजारची राधाबाई म्हणाली, घरात फाटके देव ठेवल्यावर पोरीला बरं कसं वाटेल? बाबलीची बायको मथुरा रडायला लागली. मी म्हटलं, पानं शाळेच्या कपाटात ठेव, म्हणजे घरात राहणार नाहीत आणि नासणारही नाहीत. त्याला ते पटलं होतं. पण किल्ली उद्या देतो, असं म्हणून मी जेवायला गेलो. आमची उद्याची खोड, दुसरं काय! त्याच संध्याकाळी पोरीने डोळे फिरवले आणि बाबलीने सोळाच्या सोळा पानं नदीत सोडली.

पोरगी वाचली. कुडाळच्या डॉक्टरच्या सुयांनी वाचली की नदीने, यावर गावात अजून दोन तट आहेत. बाबलीला मात्र हळहळायचीही सोय उरली नाही. पोर समोर खेळत असताना कागदांसाठी रडणार कसा?

चवथीला लवू आला. ज्याचा जन्म या चित्रांवर गेला त्याला जुनं पान कशाला हवं, असंच सगळ्यांना वाटत होतं. त्याने ओटीवर कागद पसरला, ब्रश भिजवला आणि तसाच बसून राहिला. शेवटी म्हणाला, "बाबल्या, तू सांग. मी काढतंय."

बाबलीने तोंड उघडलं. गोष्ट काय, शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ते गाणं, ते शब्द चित्रावर बोट ठेवल्याशिवाय त्याच्या तोंडी कधी आलेच नव्हते.

"चित्र दिसल्याशिवाय माका सांगूक येणा नाय," तो म्हणाला.

"आणि तू सांगल्याशिवाय माका दिसणा नाय."

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तीन दिवस दोघे भाऊ समोरासमोर बसले. चौथ्या दिवशी लवू न जेवताच मुंबईच्या वाटेला लागला. त्या नवरात्रात देवळात भजन झालं.

माझं मन मला खात होतं. दिवाळीनंतर मी वर्गातल्या तीस पोरांना पाट्या काढायला लावल्या. म्हटलं, बाबलीकाकाच्या पोथीतलं जे आठवेल ते काढा. आणि काय सांगू! मान मागे वळवलेलं हरीण, तोच टपोरा डोळा, अगदी आज्याच्या हातचं. मी बाबलीला बोलावणं धाडलं. तो धापा टाकत आला आणि एकेक पाटी खिडकीपाशी नेऊन बघू लागला. आधी त्याचा चेहरा फुलला. दहाव्या-बाराव्या पाटीनंतर उतरायला लागला. तिसाव्या पाटीवरही हरीणच होतं.

"हरणाच्या फुडचा चित्र कसा होता, कोणाक आठवता?" त्याने विचारलं.

दोन-तीन पोरांनी पुन्हा हरणाकडेच बोट दाखवलं. मग तो माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमी तरी?"

लहानपणी मी देवळात अगदी पुढे बसायचो. पंचवीस नवरात्रं ती पोथी पाहिली होती. मी डोळे मिटले. मलाही हरीणच दिसत होतं.