सगळ्यांचा एकच पासवर्ड

एटापल्लीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक समोरून गेले की कीबोर्डवर लाल धूळ बसते, पण तिचा मला तेवढा राग नाही. राग आहे तो कॉम्प्युटरवरच्या त्या चौकटीचा. सकाळी मशीन सुरू केलं की ती हजर: अपग्रेड करा, पैसे भरा.

आमच्याकडे फॉर्म भरला की माणूस पावती नेतो आणि पासवर्ड दुकानातच सोडून जातो. "तुमच्यापाशीच राहू द्या भाऊ, मी कुठी सांभाळू?" ते सगळे मी पासवर्ड सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचो. पन्नास फुकट. एक्कावन्नावा आला आणि त्यानं हात पसरला. माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाईक माझं, टाईप करणार मी, आणि भाडं यांना! वर्षाचे पैसे माझ्या महिन्याच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याहून कमी होते, तरी म्हटलं, मेलो तरी देणार नाही. पुढे जो येईल त्याला एकच पासवर्ड दिला: गावाचं नाव आणि एक दोन तीन. स्वतःला मी फार हुशार समजत होतो.

त्याच उन्हाळ्यात भामरागडकडच्या एका मुलीचा नर्सिंगचा फॉर्म भरला. मार्क चांगले, चंद्रपूरच्या कॉलेजात नंबर लागणारच होता. यादीत तिचं नाव नव्हतं. फॉर्म उघडला तर लिहिलेलं, अर्जदाराने अर्ज मागे घेतला आहे.

"मी नाई घेतला," ती म्हणाली आणि माझ्याकडेच बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुदत संपली होती.

आठवड्यानं तिचा काका स्वतःच्या कामासाठी आला. तोही माझंच गिऱ्हाईक. खुर्चीत बसून, खर्रा चघळत त्यानं आपणहून सांगितलं, "अर्ज मीच मागं घेतला. पोरगी चंद्रपूरले गेली तं मोहा कोन वेचन?" अर्जाचा नंबर घरातल्या पावतीवर होता.

"आणि पासवर्ड?" मी ओरडलो.

"माझाच टाकून पाह्यला. उघडला. तुमीच तं देल्ला होता."

त्याला शिव्या देऊन बाहेर काढला. त्यातल्या अर्ध्या माझ्या वाट्याच्या होत्या.

दातओठ खात त्याच दिवशी पैसे भरले. अडलेला माणूस पाहून किंमत सांगणाऱ्या त्या कंपनीचा मला आजही संताप येतो. पण तिला नावं ठेवायचं तोंड मला उरलं नाही.

एक वर्ष मोहाची फुलं वेचून ती मुलगी पुन्हा फॉर्म भरायला आली. मी ऐटीत सांगितलं, आता प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, तुझा कोणाला कळणार नाही. तिनं कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

"तिकडे तोंड करा, भाऊ."

ती सावकाश एकेक बटण दाबत होती. माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत मी भिंतीकडे तोंड करून बसलो, आणि ती "झालं" म्हणेपर्यंत मान वळवली नाही.