ताईचे आठ किलो

एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात ती बावीस वर्षं चादरी जोखून यंत्रात टाकत होती. तिथे सगळे तिला ताई म्हणत, कारण सख्ख्या धाकट्या भावाला घ्यावं तसं ती प्रत्येकाला फैलावर घेई. त्या धाकट्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, तेव्हा तिने कुणाला विचारलंसुद्धा नाही. "माझी घ्या," म्हणाली. तिचा रक्तगट ओ, भावाला चालणारा. बाकी तपासण्याही ठीक निघाल्या. घोडं अडलं ते वजनापाशी. "चौऱ्याऐंशी भरलंय. आठ किलो उतरवा, मग बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शेजारच्या शिंपिणीकडे मासिकातलं एक पान होतं, कुठल्या रक्तगटाने काय खावं आणि कसा व्यायाम करावा याचं. ओ गटाने म्हणे मटण भरपूर खावं, गहू-दूध सोडावं आणि जोरात पळावं. रक्तगटावर किडनी ठरते, मग जेवण का ठरू नये? ताईला हे सोळा आणे पटलं. पन्नाशीची बाई सकाळी पुलावरून पळू लागली. गुडघे कुरकुरायचे, कुत्री मागे लागायची. नवरा बिचारा दुधाचा चहासुद्धा तिच्याकडे पाठ फिरवून पिई.

पंधरा दिवसांनी धीर करून ती धुलाईघरातल्या काट्यावर उभी राहिली. ऐंशी. निम्मा गड सर झाला होता. त्या आनंदात तिने मटण आणखी वाढवलं. पुढचा महिनाभर काटा ऐंशीवरच राहिला, पण तिला वाटलं, वजनही जरा दम खात असेल.

दवाखान्यात पुन्हा वजन केलं, तर साडेचौऱ्याऐंशी.

"तुमचा काटा खोटा आहे," ताई म्हणाली आणि पर्समधून ते पान काढून टेबलावर ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं. "कुणाची किडनी कुणाला चालेल, ते रक्तगटावरून कळतं, ताई. ताटात काय वाढायचं ते नाही."

ती तणतणत कामावर आली आणि काट्यासमोर थबकली. चादरी ज्या ढकलगाडीत घालून जोखत, त्या रिकाम्या गाडीचे चार किलो त्या काट्यात कायमचे वजा करून ठेवलेले होते. नव्या आलेल्या प्रत्येक मुलीला ती पहिल्या दिवशी हेच तर सांगायची. तिला लाज वाटली, पण लाजेपेक्षा राग मोठा होता. तिकडे धाकटा सुया टोचून घेत होता आणि इकडे हिने सहा आठवडे मटणात घालवले होते.

मग मात्र तिने पदर खोचला. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईने सांगितलं तेवढंच: निम्मं ताट भाजीचं, बाकी सगळं बेताचं, आणि रोज भरभर चालणं. चार थांबे ती पायी घरी जाऊ लागली. वजन दर सोमवारी, फक्त दवाखान्यात. कधी पाव किलो उतरे, कधी काहीच नाही.

"ताई, सोड आता. मला सवय झालीय," धाकटा एकदा म्हणाला.

"तुला झाली असेल. मला नाही झाली."

सातव्या महिन्यात पंच्याहत्तर भरलं. ऑपरेशनची तारीख ठरली. दोघांनी कागदांवर सह्या करायच्या होत्या. ताईने झटकन केली. धाकटा पेन हातात धरून बसून राहिला.

"एक सांगू? रागावू नकोस," तो हळूच म्हणाला. "दर सोमवारी मी देवाला म्हणायचो, हिचं वजन उतरू देऊ नकोस. माझ्यापायी तुला काही झालं तर?"

ताईला सगळे सोमवार आठवले. वजन न उतरलेले तर जास्तच. तिने कागद त्याच्यापुढे सरकवला.

"तुझ्या देवालाही मी पुरून उरले," ती म्हणाली. "आता सही कर."

त्याने केली.